सतरा ओळी

अकरा वाजून तेवीस मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी ती टोपी रस्त्याच्या मधोमध थांबली, टोपीखालच्या माणसाने डावा हात उचलला आणि मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं. तिने चित्रण थांबवलं. दहा सेकंद मागे नेलं, पुन्हा लावलं. टोपी थांबली, हात उचलला गेला, मनगट उलटं झालं. औषधाच्या दुकानाच्या पाटीवर बसवलेल्या कॅमेऱ्याला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. डोकी दिसतात, खांदे दिसतात, आणि प्रत्येकाच्या पायाला चिकटलेली एक आखूड सावली दिसते. गेले तीन आठवडे ती अशी डोकीच पाहत आली होती आणि त्यातलं एकही कुणाचं आहे असं तिला वाटलं नव्हतं. पण घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधणारं माणूस तिच्या ओळखीत एकच होतं. चौतीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स म्हणून काम करायचं, बोटांनी नाडी धरायची आणि हात न हलवता सेकंदकाटा बघायचा, म्हणून तबकडी आत. आणि निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी ती काही बाहेर आली नव्हती. टोपीही ओळखीची निघाली, बाबांची, रुंद काठाची, दाराच्या मागे खुंटीला असायची ती. टोपीखाली आई होती. आणि आईने गेल्या आठ महिन्यांत हा रस्ता ओलांडला नव्हता.

खोलीत काही बदललं नव्हतं. नगर आणि प्रादेशिक नियोजनाच्या पदव्युत्तर वर्गाचा हा स्टुडिओ म्हणजे एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंनी खिडक्या, मधे अठरा टेबलं, आणि भिंतींवर आतापर्यंतच्या तुकड्यांनी रंगवलेले नकाशे : घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, बागा हिरव्या. पहिल्या वर्षी इथे आली तेव्हा तिला गंमत वाटली होती. नऊ वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून, चौतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी होऊन, पेन्सिलींना टोकं काढत बसायचं. प्रवेशाच्या मुलाखतीत कुणीतरी विचारलं होतं, गतीचे नियम सोडून इकडे कशाला? तिने सांगितलं होतं, गतीचे नियम मला येतात, गती कुणाच्या सोयीची असते ते शिकायचंय. उत्तर पाठ केलेलं नव्हतं. बोलून झाल्यावर तिचं तिलाच ते आवडलं होतं. नंतरच्या दोन वर्षांत तिला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. हे काम तिच्या हाताला बसलं होतं. उभं राहायचं, बघायचं, मोजायचं, आणि मोजलेल्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे पुन्हा एकदा तपासायचं. आताही ती तेच करत होती. प्रबंध दहा दिवसांवर आला होता. विषय साधा : चौदा मीटर रुंदीचा, सिग्नल नसलेला एक रस्ता, तो पायी ओलांडणाऱ्यांना किती सेकंद लागतात, दोन गाड्यांमधली केवढी फट त्यांना पुरेशी वाटते, आणि इथे सिग्नल बसवला तर तो किती वेळ हिरवा ठेवावा. चार दिवसांचं चित्रण, रोज अकरा ते बारा, एका ओलांडण्याची एक ओळ, एकूण तेराशे बारा ओळी. वेळ, दिशा, लागलेले सेकंद, सोबत कोण, हेतू. हेतू म्हणजे पलीकडे गेल्यावर माणूस कुठे शिरतो ते. बसथांब्याकडे गेला तर एक, शाळेच्या फाटकात गेला तर दोन म्हणजे शिक्षण, दुकानात तीन, दवाखान्यात चार, असं करत करत नऊ. नऊ म्हणजे हेतू दिसत नाही. पलीकडे जाऊन तसाच परत आला. नऊवाल्यांना हिशेबातून काढायचं हे तिने आणि तिच्या जोडीदाराने सुरुवातीलाच ठरवलं होतं. फुलं विकणारा माणूस दिवसातून वीसदा रस्ता ओलांडतो, फोनवर भांडणारा भांडण संपेपर्यंत येरझारा घालतो. त्यांच्यावरून सिग्नलची वेळ ठरवायची नसते. अशा एक्केचाळीस ओळी निघाल्या होत्या. त्या तिने गेल्या शुक्रवारी, चहा पिता पिता, एका झटक्यात काढून टाकल्या होत्या. काढलेलंही एकदा तपासावं म्हणून आज सकाळी तिने त्यातली एक ओळ सहज उघडली, आणि त्या ओळीत आई मनगट उलटं करून उभी होती.

"पट्टी," ती म्हणाली, "काढलेल्या ओळींत ही टोपीवाली किती वेळा आहे?"

पट्टी म्हणजे तिचा प्रबंधातला जोडीदार, सव्वासहा फूट उंच आणि तितकाच सपाट. स्थापत्यातली पदवी घेऊन थेट इथे आलेला, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. अर्ध्या ओळी त्याने भरल्या होत्या, अर्ध्या तिने. टोपीवाल्या सगळ्या त्याच्या वाट्याच्या होत्या. नाहीतर तिला आधीच कळलं असतं, की कळलं नसतं?

"टोपीवाले आजोबा? ते आपले फेव्हरेट," तो टेबलावर वाकला. "सतरा वेळा. सोमवारी एकदा, अर्ध्यातून परत. मंगळवारी चार. बुधवारी सहा, गुरुवारी सहा. मी म्हटलं बायकोने घराबाहेर काढलं असणार."

"आजोबा नाहीत. आई आहे."

"कुणाची?"

"माझी."

पट्टीने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग खुर्ची ओढून बसला, आणि त्याची उंची एकदम निम्मी झाली. "ताई," तो म्हणाला, "तुझी आई रस्ता ओलांडत नाही ना? तू सांगितलं होतंस. म्हणजे ते पत्राचं वगैरे..."

पत्राचं वगैरे. पत्र तिच्या पिशवीत होतं, चार घड्या पडलेलं. इथून आगगाडीने नऊ तासांवरच्या नदीखोऱ्याच्या प्रादेशिक नियोजन कार्यालयात साहाय्यक नियोजक म्हणून नेमणूक; बेचाळीस गावं, तीन छोटी शहरं; होकार किंवा नकार उद्या संध्याकाळी पाचपर्यंत कळवावा. नकाराचा मजकूर तिने लिहून ठेवला होता. कौटुंबिक कारणामुळे, असं त्यात होतं. पट्टी ते वाचून म्हणाला होता, तुझी आई म्हणजे तुझं वैद्यकीय प्रमाणपत्र आहे, कुठेही लावता येतं. त्यावर ती तीन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. बोलली नव्हती, कारण तो बोलला ते तिने आधी स्वतःच्या मनात ऐकलेलं होतं, फक्त इतक्या मोठ्याने नाही.

ते खोरं तिने पाहिलं होतं. दुसऱ्या सत्रात सगळी तुकडी तिथे तीन आठवडे जाऊन राहिली होती, घरोघरी तक्ते भरत. काल कुठे गेला होतात, कशाने गेलात, किती वेळ लागला. तक्ते भरता भरता तिच्या लक्षात आलं की अकरा गावांतल्या मुली शाळेच्या शेवटच्या तासाला कधीच बसत नाहीत, आणि तो तास विज्ञानाचा आहे. परतीची बस शाळा सुटण्याआधी वीस मिनिटं निघून जाते. बाकीचे सगळे पुलांचे, बाजारपेठांचे, औद्योगिक पट्ट्यांचे आराखडे करत होते आणि ती एका बसचं वेळापत्रक घेऊन आगारप्रमुखाच्या खोलीबाहेर दोन दिवस बसली. "बाई, पंचवीस मिनिटांनी काय फरक पडतो?" आगारप्रमुख म्हणाला होता. तिने त्याला हिशेब काढून दाखवला : वर्षाचे किती तास, किती मुली. तो कागदावरून बोट फिरवत म्हणाला, माझीपण भाची आहे त्यात. पुढच्या महिन्यापासून बस पंचवीस मिनिटं उशिरा सुटायला लागली. आयुष्यात इतक्या थोड्या रेघांनी इतकं काही हललेलं तिने पाहिलं नव्हतं. तेव्हापासून तिला ठाऊक होतं की आपल्याला काय करायचंय आणि ते आपल्याला येतं. शंका तिथे नव्हती. शंका या रस्त्याच्या अलीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत होती.

बाबा होते तोवर आईला रस्ता असा नव्हताच. बाबा तिच्या कोपराला धरायचे आणि ती बोलता बोलता पलीकडे पोचायची. पलीकडे गेल्यावर कधीतरी म्हणायची, आलो होय! ते गेल्यावरही वर्षभर ती जायची, जरा अंग चोरून. मग आठ महिन्यांपूर्वी एका स्कूटरच्या आरशात तिच्या पिशवीचा बंद अडकला. लागलं काही नाही. चार पावलं फरफटली, आणि फुटपाथच्या कडेला बसून राहिली, पिशवी मांडीवर घट्ट धरून. कुणीतरी फोन केला, ती वर्ग सोडून धावत आली. आई म्हणाली, माझी नाडी एकशे वीस आहे, थोडं थांब, शंभरावर आली की उठते. आणि खरंच शंभरावर आल्यावर उठली. पण त्यानंतर तिने तो रस्ता बंदच केला. औषधाचं दुकान पलीकडे, वाचनालय पलीकडे, भाजी पलीकडे, तिच्या दोन मैत्रिणी पलीकडे. ती म्हणाली, मला काय, तू आणतेस ना. आणि मुलीने आणलं. वाराप्रमाणे तक्ता केला, फ्रिजवर लावला : सोम औषधं, बुध पुस्तकं, शनि भाजी. तक्ता नेटका होता. त्या तक्त्याचा तिला थोडा अभिमानही होता, आणि आता पडद्यासमोर बसून तिला पहिल्यांदा वाटलं की तक्ता करताना आपल्याला दुःख कमी आणि हुशारी जास्त वाटली होती. एक माणूस रस्ता ओलांडत नाही म्हणून दुसऱ्याने त्याच्या सगळ्या फेऱ्या आपल्या अंगावर घेतल्या. यात रस्त्याला कुणी काही विचारलं नाही आणि त्या माणसालाही नाही. आपल्या सवयीप्रमाणे तिने घरोघरी भरायच्या तक्त्याचाही नमुना आईवर तपासून पाहिला होता. काल कुठे गेली होतीस? आई भाजी निवडत म्हणाली होती, मी कुठे जाणार? तिने हसत हसत लिहिलं होतं : फेऱ्या, शून्य. हे कधीचं? चित्रणाच्या आठवड्यातलंच. गुरुवारचं. त्या गुरुवारी सहा.

तिने चारही दिवस पहिल्यापासून लावले, ओळी नाही, सगळं चित्रण. ओळीत फक्त ओलांडणं येतं. ओलांडण्याआधीचं उभं राहणं येत नाही. सोमवारी टोपी फुटपाथच्या कडेला चौदा मिनिटं उभी होती. पंधराव्या मिनिटाला ती उतरली, मधल्या पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेली, आणि उलटी फिरून परत आली. पट्टीने लिहिलं होतं, अर्ध्यातून परत, नऊ. मंगळवारी शाळेची एक रांग बाईंबरोबर ओलांडत होती, टोपी तिच्या शेपटाला चिकटून गेली. पलीकडे जाऊन औषधाच्या दुकानाच्या पायरीशी टेकली, दुकानात शिरली नाही, परत आली. सव्वीस सेकंद. त्या आधी तिने नऊ सेकंदांची फट सोडली, अकराची सोडली, बाराची सोडली. तिच्या प्रबंधात या सोडण्याला एक नाव होतं आणि एक सूत्र होतं, पण वरून बघताना दिसत होतं ते एवढंच की गाडी गेली की टोपी जराशी पुढे झुकते आणि पुढची गाडी दिसली की पुन्हा मागे येते. पाण्यात उतरायचं की नाही हे पायाच्या अंगठ्याने बघावं तसं. बुधवारी टोपी एका जाड्या गृहस्थाच्या आडोशाने गेली, गाड्यांची बाजू त्याच्याकडे देऊन. तिला एकटीलाच हसू आलं. आणि गुरुवारी कुणीच नव्हतं. गुरुवारी ती एकटी उतरली, मधोमध थांबली, मनगट उलटं केलं. घाबरून थांबलेली नव्हती ती. आपल्याला अर्ध्यापर्यंत यायला किती लागले ते बघत होती.

आणि मग तिला कॅलेंडर आठवलं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडे. सव्वीस. पंचवीस. तेवीस. आईला खोलीतल्या थर्मामीटरचा आकडा लिहून ठेवायची सवय होती. तो थर्मामीटर तिनेच शाळेच्या प्रयोगशाळेतून जुना झाला म्हणून आणून दिलेला. रोज चहा गाळताना ते आकडे तिच्या डोळ्यांसमोर असायचे. बाहेर ऊन वाढत चाललं होतं आणि आकडे उतरत चालले होते. नऊ वर्षं उष्णता आणि तापमान शिकवलेल्या बाईच्या लक्षात एवढं यायला हरकत नव्हती.

"काय गं, भूत बघितलंस?" मॅडम टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. वाहतूक शिकवायच्या, साठीच्या, ठेंगण्या, पायात नेहमी धावपटूचे बूट. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या वर्गाला एका चौकात चार तास उभं केलं होतं, फोन काढून घेऊन. बसून मोजलेला माणूस आणि उभं राहून मोजलेला माणूस वेगळा असतो, म्हणाल्या होत्या. तिने थोडक्यात सांगितलं. मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला, गुरुवारची ती ओळ तीनदा पाहिली.

"काढलीस ते नियमाने बरोबर काढलीस," त्या म्हणाल्या. "मग?"

"मला त्या परत घालायच्यात."

"उत्तर किती हललं?"

"काढून बघितलं. दुसऱ्या दशांशात."

"आणि माणूस एकच आहे," पट्टी मधे बोलला. "सतरा ओळी म्हणजे सतरा बायका नव्हेत, मॅडम. परीक्षक फाडून खातील."

"मान्य," ती म्हणाली. "वेगाच्या हिशेबात तिला एकदाच धरू. पण नऊ म्हणजे हेतू नाही, असं आपण लिहिलंय. ते खोटं आहे. आपल्याला दिसला नाही, एवढंच खरं."

मॅडमनी तिच्या टेबलावरची पेन्सिल उचलली, टोक बघितलं, परत ठेवली. "शंभरातल्या पंच्याऐंशींना पुरेल एवढा वेळ हिरवा ठेवायचा, असं तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मलाही कुणीतरी शिकवलं. उरलेल्या पंधरांचं काय करायचं ते त्याने सांगितलं नव्हतं. मीही नाही सांगितलं." मग घड्याळ बघून म्हणाल्या, "साडेदहा झालेत. तुझ्या आईची अकराची वेळ ना? मग इथे काय करतेयस? चित्रण काय, पळून जाणार नाही."

रस्ता स्टुडिओपासून वीस मिनिटांवर. ती चालत निघाली, भरभर, आणि चालताना तिला सारखं वाटत होतं की आपण कुठल्यातरी परीक्षेला उशिरा पोचतोय आणि परीक्षा आपली नाही. तिला राग आला होता का? थोडा आला होता. घरात एकाच टेबलाशी दोन वेळा जेवणारी दोन माणसं, आणि त्यातल्या एकीने तीन आठवडे एवढी मोठी गोष्ट टोपीखाली ठेवावी. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते जास्त टोचत होतं. आईला एकटीला सोडून कशी जाऊ, हे वाक्य बोलायला फार सोपं होतं. ते म्हटलं की समोरचा मान हलवायचा, पुढे कुणी काही विचारायचं नाही. त्या वाक्याच्या आत ती निवांत होती. नऊ तासांवरचं कार्यालय, अनोळखी गाव, आपला हिशेब चुकला तर बेचाळीस गावांना भोवेल असं काम. आणि इथे आपला तक्ता, आपला फ्रिज, आपली सोमवारची औषधं. रस्त्याला घाबरलेली आई एकटीच होती असं नव्हतं. फरक एवढाच की आईने आपली नाडी मोजली होती, आणि शंभरावर आल्यावर ती उठली होती.

ती पलीकडच्या बाजूने आली, औषधाच्या दुकानाच्या बाजूने, आणि दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. पाच मिनिटं. मग समोरच्या इमारतीच्या दारातून टोपी बाहेर आली. खालून बघताना टोपीखाली चेहरा होता. राखाडी सदरा, खांद्यावर आडवी घेतलेली पिशवी, बंद आखूड केलेला, गाठ मारून. आरशात अडकणार नाही असा. आई फुटपाथच्या कडेला आली आणि उजवीकडे बघू लागली. एक मालमोटार, दोन स्कूटर, मग फट. दहा सेकंद, मुलीने मोजलं. आईने सोडली. बस आली, गेली, मागून गाड्यांची रांग. आईचं मनगट उलटं झालेलं. मुलीचा पाय आपोआप पायरीवरून खाली आला आणि तिने तो परत वर घेतला. हे तिला फार कठीण गेलं. बाबांचा हात जसा न सांगता आईच्या कोपराशी जायचा तसाच तिचा हात पुढे झाला होता आणि आता त्याचं काय करावं हे कळेना; तिने तो पिशवीच्या बंदात अडकवून ठेवला. पुन्हा एक फट, चौदा सेकंद. आईने तीही सोडली. अगदी बरोबर, ती मनात म्हणाली, चौदात तू पोचणार नाहीस. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की आई धीर गोळा करत नाहीये, हिशेब करतेय. मग वळणापर्यंत रस्ता मोकळा झाला. आई उतरली. एक, दोन, तीन. टोपी इकडे तिकडे वळत नव्हती, फक्त दर चार पावलांनी उजवीकडे, मधल्या पट्ट्यानंतर डावीकडे. अकरा, बारा. दूर एक गाडी वळणावर दिसली. आईने ती पाहिली, पाऊल बदललं नाही. ती गाडी अजून आठ सेकंदांवर होती आणि आईला सातच हवे होते. अठरा. एकोणीस. आईचा उजवा पाय फुटपाथवर आला, मग डावा, आणि मग तिने मान वर केली.

"एकोणीस," मुलगी म्हणाली.

आईने आधी मनगट बघितलं. "एकोणीस," ती म्हणाली. मग मुलीकडे बघितलं. "तू कॉलेजात नाहीस ती?"

"तू घरी नाहीस ती?"

आई पायरीवर टेकली, टोपी काढून तिने वारा घेतला. कपाळावर टोपीचा लाल वळ उमटला होता. "सापडले म्हणायचं," ती म्हणाली. "तुमच्या त्या कॅमेऱ्यामुळे?"

"तुला माहीत होता?"

"न माहीत असायला काय झालं! तूच आठवडाभर घरात सांगत होतीस, औषधाच्या पाटीवर लावलाय, डोकी दिसतात. म्हणून तर यांची टोपी घातली. पुरुषाची टोपी म्हटल्यावर कुणाला कळणार."

"पट्टी तुला आजोबा समजला."

"मेला!" आई मनापासून हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर तू कोपराला धरायला आली असतीस. मग शिकून झालं असतं का माझं?"

"आई, पण का? अचानक?"

"अचानक कसलं. ते पत्र यायच्या आधीच तुझ्या त्या खोऱ्याच्या गोष्टी ऐकून माझे कान किटले होते. बस काय, मुली काय. मला कळत होतं हे होणार. मग पत्र आलं, आणि तू तोंड शिवून बसलीस. पिशवी धुवायला काढली तेव्हा वाचलं मी." ती टोपी गुडघ्यावर फिरवत राहिली. "मी चौतीस वर्षं बायकांना सांगत आले, बाई, हे तुझं तुलाच करायचंय, मी फक्त इथे उभी राहते. आणि माझ्यावर पाळी आली तर मी कुणाला तरी पुढे पाठवू? आता औषधं मी आणते. तीन आठवडे झाले. तुझा सोमवारचा गोळ्यांचा डबा मी गुपचूप आधीच भरून ठेवते, आणि तू दर सोमवारी नव्याने आणतेस. कपाट भरलंय गोळ्यांनी. दोघींना पुरून उरतील."

मुलीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही थोडं थोडं केलं. आईने तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, सवयीने, आणि आपलं घड्याळ उलटं केलं. पंधरा सेकंद ती मोजत राहिली. समोरून वाहनं जात होती, मधे फटी पडत होत्या आणि भरत होत्या.

"शहाण्णव," आई म्हणाली. "उतरेल. तिकडे थंडी असते का गं?"

"असते."

"मग ती जाड रजई घेऊन जा. माझं अडत नाही." ती उठली, टोपी डोक्यावर बसवली. "आणि एक सांगू? तुझ्या त्या सिग्नलला बारा सेकंद ठेवू नकोस. टेबलावरचा कागद बघितला मी. बारात मी पट्ट्याच्या जरा पुढे असते, अगदी गाड्यांच्या तोंडी."

"वीस ठेवते."

"बावीस ठेव. सगळ्यांनाच कुठे एवढा सराव असतो." आणि ती वळली, फुटपाथच्या कडेला जाऊन उभी राहिली, उजवीकडे बघत. परत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही, रस्ता ओलांडताना मागे बघायचं नसतं.

एक वाजता ती स्टुडिओत आपल्या टेबलाशी बसली. नकाराचा मजकूर उघडला, सगळा काढून टाकला, आणि दोन ओळींत होकार लिहून पाठवला. रुजू होण्याची तारीखही घातली, प्रबंध दिल्यानंतरच्या दहाव्या दिवसाची. पाठवून झाल्यावर जीव भांड्यात पडेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. भीती अजून होती, पण आता तिची दिशा बदलली होती एवढं तिला ओळखता आलं. पट्टीने मान लांब करून पडद्यावर पाहिलं, शिटी वाजवल्यासारखा ओठांचा चंबू केला आणि आवाज न करता पुन्हा आपल्या कामाला लागला. तिने काढून टाकलेल्या ओळी परत आणल्या. फुलंवाला, फोनवाला, त्यांचं काय, तेही कधीतरी बघावं लागणार होतं, आज नाही. टोपीच्या सतरा ओळी तिने वेगळ्या केल्या, एकाखाली एक. शेवटचा रकाना, हेतू. सतरा वेळा नऊ. नऊ खोडून काय लिहायचं याचा तिला विचार करावा लागला नाही : दोन, म्हणजे शिक्षण. खरं तर शाळेच्या फाटकात शिरणाऱ्यांसाठीच तो आकडा होता, आणि त्यावर परीक्षक विचारतील तेव्हा काय सांगायचं तेही तिला ठाऊक होतं. सोमवार, अर्ध्यातून परत : दोन. मंगळवार, शाळेच्या रांगेमागून : दोन. दोन, दोन, दोन. एकेक करून, घाई न करता, ती खाली येत गेली. शेवटची ओळ गुरुवारची होती, अकरा वाजून बावन्न मिनिटं, पलीकडून अलीकडे, एकवीस सेकंद. तिथेही तिने दोन लिहिलं. शेजारच्या रकान्यात, सोबत कोण, पट्टीने त्याच्या तिरप्या सवयीने भरून ठेवलं होतं : कोणी नाही. तो रकाना तिने तसाच ठेवला.